सतरा दिवसांचं पाणी

“मला नका विचारू, मास्तर,” नालिशेबो बसल्या जागेवरूनच म्हणाली.

वर्गात खसखस पिकली. मुन्दिया मास्तरांनी फळ्यावर त्रिकोण काढला होता आणि तिसऱ्या बाजूची लांबी कोण सांगतं म्हणून ते बाकांवरून नजर फिरवत होते. ती नजर दाराजवळच्या बाकावर थांबली, इतकंच. ते रागावले नाहीत. “बरं,” म्हणाले, आणि खडू तसाच हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर वाळूचा उतार संपला की पाणी सुरू होत होतं. फेब्रुवारी अर्धा सरला होता. झांबेझी रोज थोडं थोडं मैदान पोटात घेत काठाकडे येत होती, आणि गेल्या महिन्यात जिथे गुरं चरत होती तिथे आता नुसतं आभाळ पसरलेलं होतं. मास्तर बघत राहिले. मुलांना त्याची सवय होती. कुणी वहीच्या कोपऱ्यात होड्या काढल्या, कुणी पुढच्याच्या मानेवर फुंकर घातली. तास संपेपर्यंत त्रिकोणाची तिसरी बाजू तशीच राहिली.

मुओंबे गावात त्यांना झोपाळू मास्तर म्हणत. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं हीच शाळा, हाच नववीचा वर्ग. बढती कधी मिळाली नाही, कारण त्यांचा अभ्यासक्रम वेळेत पुरा होत नसे. बायको चार वर्षांपूर्वी वारली होती, मुलगी लग्न होऊन दूर लिव्हिंगस्टोनला होती. घरी ते एकटेच मक्याच्या पिठाचं बुहोबे रांधत, वाळवलेल्या मासळीबरोबर खात, आणि संध्याकाळी दारात बसून पाण्याकडे बघत. वर्गात बघत तसेच.

नालिशेबो दाराजवळ बसे, कारण दहाच्या सुट्टीत तिला सगळ्यांच्या आधी निघावं लागे. तिची अकरा महिन्यांची लेक मोंदे घरी आजीजवळ असे. साडेनऊ वाजले की नालिशेबोची छाती भरून यायची, ब्लाउज ओला व्हायच्या आत ती उतारावरून पळत सुटायची. मासळीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, मोंदेचा बाप, रस्ता सुकला तसा निघून गेला होता आणि पुढच्या हंगामात ट्रकवर दुसराच माणूस आला. शाळा तेव्हाच सुटली होती. मग नवा नियम झाला, की आई झालेल्या मुलींना परत वर्गात घ्यायचं. हेडमास्तर सिलुमेसींनी गावच्या बैठकीत कागद वाचून दाखवला आणि नालिशेबो परत आली. म्हणजे तिचं अंग येऊन बाकावर बसलं. बाकी ती कुठे होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

लहानपणी ती अशी नव्हती. तिची आई इनोंगे म्हणायची, “ही पोटातून येतानाच ‘का’ म्हणत आली.” चौथीत असताना तिने बाईंना विचारलं होतं, “आपल्याकडे पाऊस थांबतो, तरी पाणी महिनाभर वाढतच राहतं. असं का?” बाई त्या दिवशी वैतागलेल्या होत्या. “जा, नदीलाच विचारून ये,” त्या म्हणाल्या. नऊ-दहा वर्षांची पोर ती, खरंच गेली. काठावर उभी राहून तिने मोठ्याने विचारलं, आणि मागे वळून बघते तो सगळा वर्ग खिडक्यांना चिकटून हसत होता. बाईसुद्धा. सुट्टी लागेपर्यंत पोरं तिला भेटली की कानाला हात लावून विचारत, “काय म्हणाली नदी?” त्यानंतर नालिशेबोने शाळेत कुणाला काही विचारलं नाही.

एक सवय मात्र राहून गेली होती. धक्क्यावर होड्या बांधायचा एक जुना खांब होता. येता-जाता ती वाकायची, खांबाच्या ओल्या रेघेला बोट लावायची आणि पुढे जायची. कशासाठी, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

त्रिकोणाच्या दुसऱ्या दिवशी दहाच्या सुट्टीत ती पळत निघाली तर मास्तर धक्क्यावर उभे.

“काल कुठवर होतं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“पाणी. तू रोज बोट लावतेस. मला खिडकीतून दिसतं.”

नालिशेबोला चोरी पकडल्यासारखं झालं. “उगाच लावते,” ती म्हणाली.

“उगाच तर उगाच. पण काल कुठवर होतं?”

तिने खांबावरची एक गाठ दाखवली. “याच्या खाली होतं. आज गाठ बुडलीय. दीड बोट चढलं.”

“आणि परवा?”

“परवा बोटभर.” हे आपल्याला पाठ आहे याचं तिलाच नवल वाटलं. ती घुटमळली. छाती दुखत होती, मोंदे रडत असणार. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, “हे इतके दिवस चढतं कशानं, मास्तर?”

मास्तरांनी पाण्याकडे पाहिलं. कमळाच्या पानांवरून एक पाणकोंबडी चालत गेली, ती पार दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले.

“वरच्या अंगाला, अंगोलाकडे, पाऊस पडतो. ते पाणी मैदानभर पसरत सावकाश येतं. एवढं पुस्तकात आहे. तिकडच्या लुकुलूहून निघालेलं पाणी मुओंबेला किती दिवसांनी पोचतं, ते मला माहीत नाही.”

“पुस्तकात नाही?”

“मुओंबेबद्दल कोण लिहील पुस्तक?”

ती घरी पोचली तेव्हा मोंदे रडून रडून झोपली होती आणि इनोंगे लव्हाळ्याची चटई विणत बसली होती. “आज पाय मोडले का?” आईने मान वर न करता विचारलं. नालिशेबोने झोपलेल्या लेकीला छातीला लावलं. मास्तर असून माहीत नाही म्हणाले, ही गोष्ट तिच्या मनात पाण्यावरच्या पानासारखी हलत राहिली. आजवर शाळेत कुणी असं म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

आठवडाभरात खांबाशेजारी एक लांब बोरू रोवला गेला. त्यावर बोटा-बोटाच्या अंतरावर खाचा होत्या. मास्तरांनी तिला एक पाठकोरी वही दिली. तारीख, वार, किती बोटं. सकाळी धुकं असे तेव्हा बोरू आणि पाणी वेगळं कळत नसे. मग ती गुडघाभर पाण्यात उतरून चाचपून खाच मोजायची. वर्गातली पोरं तिला पाण्याची नर्स म्हणू लागली. “ताप किती आहे आज?” असं विचारत. ती हसली नाही, पण चिडलीही नाही. आकडा सांगून मोकळी झाली.

लुकुलूच्या शाळेत कायोम्बो नावाचे शिक्षक होते, मुन्दिया मास्तरांचे कॉलेजातले सोबती. मास्तरांनी त्यांना पत्र लिहायला नालिशेबोलाच बसवलं. “मी काय लिहू त्यांना?” ती म्हणाली. “जे हवंय ते माग,” मास्तर म्हणाले. तिने चार वेळा लिहून खोडलं. शेवटी दोनच ओळी उरल्या: तुमच्याकडे पाणी रोज किती चढतं ते कृपा करून मोजाल का? आमच्याकडे ते कधी येतं ते बघायचं आहे. मासळीच्या होडीबरोबर पत्र गेलं. मार्चच्या अखेरीस उत्तर आलं. कायोम्बोंचं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं होतं. इथली पोरं आता मला वेडा समजतात, असं त्यांनी लिहिलं होतं, पण खाली आकडे नीट मांडले होते. अकरा मार्चला लुकुलूला एका दिवसात पाणी हातभर चढलं होतं.

नालिशेबोने वही उघडली. तिच्याकडे रोज बोट, दीड बोट. आणि अठ्ठावीस मार्चला, परवाच, एकदम चार बोटं.

तिने बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. मास्तर वर्गात दुसऱ्या मुलांच्या वह्या तपासत होते. ती उठली, त्यांच्या टेबलाशी गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “सतरा दिवस.”

मास्तरांनी वही घेतली, कायोम्बोंचं पत्र घेतलं, दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. “चौथीत तू विचारलं होतंस ना?” ते म्हणाले. “मी तेव्हा शेजारच्या वर्गात होतो. ऐकलं होतं मी. तेव्हाच यायला हवं होतं. आलो नाही.” आणि त्यांनी वही तिला परत दिली.

त्या दिवशी ती घरी चालत गेली. पाण्याच्या बाजूने गेली. सगळं मैदान दुधासारखं पांढरं होतं. सतरा दिवसांपूर्वी ज्यात कुणी लुकुलूच्या बाईने भांडी घासली असतील ते हे पाणी आपल्या घोट्यांना लागतंय, या विचाराने तिला गुंगल्यासारखं झालं. उद्याचं, परवाचं, सगळं पाणी वाटेवर होतं. त्या विस्तीर्ण गप्प पांढरेपणात कुणीतरी सारखं चालत होतं आणि ते फक्त तिला ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये मात्र घरात वेगळंच चाललं होतं. उताराच्या पायथ्याशी इनोंगेचा मक्याचा तुकडा होता, अठरा ओळींचा. दाणे दुधाळ होते, घट्ट व्हायला अजून बारा-पंधरा दिवस हवे होते, आणि पाणी खालच्या ओळीपासून चार बोटांवर येऊन टेकलं होतं. शेजारच्यांनी कापणी सुरू केली. कोवळा मका भाजून चार दिवस पोट भरतं, पण कणगीत ठेवायला तो कामाचा नाही. तरी बुडण्यापेक्षा बरा.

“उद्या कापायचा,” इनोंगे म्हणाली. “शाळेला दांडी मार.”

“नको कापू, आई. पाणी अजून तीनच बोटं चढणार.”

“तुला पाण्यानं सांगितलं?”

“लुकुलूला पाच तारखेपासून चढायचं थांबलंय. काल पत्र आलं. तिथं हातभर चढलं की इथं चार बोटं चढतं, कारण इथं पसरायला जागा आहे. बावीस तारखेपर्यंत तीन बोटं. मग थांबणार.”

इनोंगेने तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. “बोट भिजवून पोट भरतं का गं? वर्षभर काय खाऊ घालशील मोंदेला, आकडे?”

दोन महिन्यांत पहिल्यांदा नालिशेबोला भीती वाटली. वहीतल्या चुकीवर लाल रेघ येते. इथे चूक झाली तर कणगी रिकामी राहणार होती.

संध्याकाळी इनोंगे मुन्दिया मास्तरांच्या दारात गेली. रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसून तिने हलक्या टाळ्या वाजवल्या, ख्यालीखुशाली विचारली, आणि मग विषयाला हात घातला. नालिशेबो मोंदेला पाठीशी बांधून कुंपणाजवळ उभी होती.

“मास्तर, पोरगी म्हणते ते खरं का?”

“मी तीनदा तपासलं,” मास्तर म्हणाले. “हिशोब बरोबर आहे. पाणी हिशोब ऐकेल की नाही, ते मला सांगता येत नाही.”

“हे काय बोलणं झालं? शिकलेली माणसं तुम्ही.”

“खोटं कसं सांगू, बाई? मी असतो तर थांबलो असतो. पण मका तुमचा आहे. चुकलं तर माझ्या शेतातला अर्धा मका तुम्ही न्या. माझं शेत उंचावर आहे.”

“तुमच्या शेतात गवतच जास्त,” इनोंगे म्हणाली.

“ते पण अर्धं न्या.”

इनोंगेला हसू आलं, ते तिने ओठात दाबलं. सकाळी तिने विळा घेतला, धार बघितली आणि पुन्हा छपरात खोचून ठेवला.

मग थांबणं सुरू झालं. आजूबाजूचे तुकडे कापून बोडके झाले आणि मधे इनोंगेचा मका एकटा उभा राहिला. येणारे-जाणारे टोमणे मारत. “इनोंगेनं नदीशी सोयरीक केली वाटतं.” इनोंगे चटई विणत राहायची. पहिलं बोट चढलं, दुसरं चढलं. अठरा तारखेला तिसरं. नालिशेबो बोरूजवळ बसून असायची. कधी कधी मास्तर येऊन शेजारी बसत. वारा पडला की पाण्यात ढग इतके स्वच्छ दिसत, की होडीतून जाणारा माणूस आभाळातून चाललाय असं वाटे.

वीस तारखेला चौथं बोट चढलं. एकविसाला पाचवं. खालच्या दोन ओळी पाण्यात उभ्या राहिल्या.

त्या दिवशी नालिशेबोने खाल्लं नाही. शाळेतही गेली नाही. मक्याच्या कडेला मोंदेला मांडीवर घेऊन बसून राहिली. बावीस तारखेला पाणी तिथेच होतं. तेविसाला तिथेच. चोविसाला तिला वाटलं भास झाला. तिने आईला हाक मारली. मक्याच्या ताटावर एक ओली रेघ होती, केसाएवढी, आणि पाणी तिच्या खाली होतं.

इनोंगे कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. “दोन ओळी खाल्ल्या नदीनं,” ती शेवटी म्हणाली. “तिलाही पोट आहे. सोळा ठेवल्या.” मग तिने मोंदेला उचलून घेतलं. “जा आता शाळेत. ही राहील माझ्याजवळ.”

नालिशेबो शाळेकडे जात होती तर मास्तरच समोरून उतार उतरत येत होते. तिने मान खाली घातली. आता ते शाबासकी देतील की समजूत काढतील याचा तिला अंदाज येईना, आणि दोन्ही नको होतं.

“दोन बोटं जास्त,” मास्तर म्हणाले. “कुठून आली?”

नालिशेबोने मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर समजूत नव्हती. ते खरोखर विचारत होते, चौथीतली ती पोर विचारायची तसे.

“तुम्हाला माहीत नाही?”

“नाही ना. परवापासून तेच डोक्यात आहे.”

ती दोघं वर्गात गेली. भिंतीवर नकाशा होता, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. नालिशेबोने नदीवर बोट ठेवलं आणि लुकुलूपासून खाली आणत गेली, हळू, जशी पाण्याला सतरा दिवस लागले होते तशी. अर्ध्या वाटेवर तिचं बोट थांबलं. पूर्वेकडून एक बारीक निळी रेघ येऊन मिळत होती.

“ही कोण मोजतं?”

“कुणीच नाही,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे लुकुलूला कळणारच नाही हिचं. ही मधेच येते.” ती आता भराभर बोलत होती. “मास्तर, हिच्या काठावर शाळा आहे का कुठली? आणि पाण्याचा वेग कसा काढायचा? मैदान किती रुंद आहे ते मोजता येतं का? होडीनं न जाता?”

मास्तर खडू शोधू लागले. खिशात होता, तो त्यांना बराच वेळ सापडला नाही. मग त्यांनी फळा पुसला आणि एका काठावरून दुसऱ्या काठाचं अंतर त्रिकोणाने कसं काढतात ते दाखवलं. तासाची घंटा झाली, मुलं आत आली. नालिशेबो फळ्यासमोरून हटली नाही. ती पहिल्या बाकावर बसली आणि वर्षभर तिथेच बसली.

पुढचे महिने तिला नंतर एकमेकांत मिसळलेले आठवत. पाणी उतरत गेलं, गाळ उघडा पडला, गुरं परत मैदानात गेली. इनोंगे चटईचं सामान घेऊन शाळेच्या आंब्याखाली येऊन बसू लागली, म्हणजे दहा वाजता कुणाला पळायला नको. मोंदे चालायला शिकली ती शाळेच्या अंगणात. परीक्षेचे फॉर्म भरताना हेडमास्तर सिलुमेसी म्हणाले, “मुन्दिया, ही इंग्रजीत नापास होईल आणि शाळेचा निकाल खाली जाईल. जबाबदारी कुणाची?”

“माझी.”

“तुमची जबाबदारी म्हणजे वाळूत रोवलेली मेख.”

“रोवलेली तर आहे ना,” मास्तर म्हणाले. सिलुमेसींनी डोकं हलवलं आणि सही केली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. इंग्रजीची जुनी प्रश्नपत्रिका त्यांनीच तिला घरून आणून दिली.

निकाल लागला तेव्हा नालिशेबो पहिली आली नाही, दुसरीही नाही. इंग्रजीत जेमतेम तरली. पण पास झाली, गणितात जिल्ह्यातल्या वरच्या मुलांत तिचं नाव होतं, आणि मोंगू शहरातल्या शाळेत दहावीला तिला जागा मिळाली.

त्याच वर्षी डिसेंबरात मुन्दिया मास्तर निवृत्त झाले. शाळेत छोटा कार्यक्रम झाला. सिलुमेसींनी भाषण केलं, मुलांनी गाणं म्हटलं, मास्तरांना एक घोंगडी मिळाली. बोलायला उभं केलं तर ते दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्याच्या आधी खिडकीबाहेर बघू लागले. मुलं धीराने थांबली. ते तिसरं वाक्य काही आलं नाही.

जानेवारीत दोघांची वाट एकच निघाली. मास्तरांना मोंगूच्या कार्यालयात कागद द्यायचे होते आणि तिथून बसने लिव्हिंगस्टोनला, मुलीकडे, कायमचं जायचं होतं. मास्तरांचीच होडी होती, ती मोंगूला कुणीतरी विकत घेणार होतं. पहाटे पाटातून होडी निघाली तेव्हा इनोंगे मोंदेला खांद्यावर घेऊन काठाने चालत होती. पुढे काठ बुडाला होता, तर ती तशीच पाण्यातून चालत आली. घोटा, गुडघा, मग मांडी. जिथे पुढे पाय ठरेना तिथे थांबली. मोंदे रडली नाही. तिने आजीच्या डोक्यावरचा रुमाल ओढून काढला होता आणि ती त्यात गुंतली होती. नालिशेबो वळून वळून बघत राहिली. गवताच्या भिंतीआड दोघी गेल्या तेव्हाच तिने तोंड पुढे केलं.

मास्तर मागे बसून वल्हवत होते. तासाभराने त्यांना दम लागला.

“मी घेते,” ती म्हणाली.

“सवय आहे मला.”

“द्या हो.”

त्यांनी वल्हं दिलं आणि पुढे येऊन तिच्या पेटीला टेकून बसले. गुडघ्यांवर घोंगडी घेतली. बराच वेळ ते पाण्यात हात सोडून होते.

“लिव्हिंगस्टोनला नदी दिसते का मुलीच्या घरातून?” नालिशेबोने विचारलं.

“घरातून नाही. आवाज येतो म्हणे, धबधब्याचा. वारा असला की.” मग ते म्हणाले, “इथलं पाणी तिथं किती दिवसांनी पोचतं, कुणास ठाऊक.”

“मी कळवीन,” ती म्हणाली. “माझ्याकडची तारीख मी लिहीन, तुम्ही तुमच्याकडची बघा.”

ते काही बोलले नाहीत. तिला वाटलं पाण्याकडे बघत असतील. मग तिने वाकून पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते, तोंड किंचित उघडं होतं, आणि टोपी कलून कानावर आली होती. गावाने इतकी वर्षं ज्यांना झोपाळू म्हटलं, त्यांना खरोखर झोपलेलं नालिशेबो पहिल्यांदा बघत होती.

ऊन वर आलं. कमळं उघडली. दूरवर मोंगूच्या बंदराचे पत्रे चमकू लागले आणि माणसांचा गलका पाण्यावरून विरळ विरळ येऊ लागला. तिथे उतरलं की मास्तर कार्यालयाच्या रांगेतले कुणीतरी म्हातारे होणार होते, हातात कागदांची पिशवी घेतलेले, पुढे सरका म्हटलं की सरकणारे. नालिशेबोने वल्हं पाण्यातून काढलं आणि आडवं मांडीवर ठेवलं. थेंब गळत राहिले. होडीला कसली घाई नव्हती. प्रवाह नेईल तशी ती चालली होती, आणि मास्तर झोपले होते.